बांध फोडून शेती मोठी होत नाही

शेतीच्या प्रश्नावर चर्चा सुरू झाली की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक म्हणतो, तीन एकरांत काही राम नाही. तुकडे गोळा करा, सीलिंग (जमीन बाळगण्यावरची कायदेशीर कमाल मर्यादा) उठवा, कंपन्यांना येऊ द्या, हजार-हजार एकरांचे मळे उभे राहू द्या आणि शेतकऱ्याच्या पोरांना पगार मिळू द्या. दुसरा म्हणतो, जमीन आपली आई आहे, विकायची भाषा करू नका, कंपनी शिरली की शेतकरी संपला. पहिला आकडे फेकतो, दुसरा गहिवरतो. आणि दोघांचे न बोलता एकमत असते ते यावर की सगळा प्रश्न एकरांचा आहे. मला ते मुळातच पटत नाही. घरची शेती मोडते आहे ती लहान आहे म्हणून कमी आणि बांधापलीकडचे सगळे, म्हणजे भाव, साठवण, प्रक्रिया, पतपुरवठा, दुसऱ्याच्या हातात आहे म्हणून जास्त. आणि मोठ्या मळ्यांचा प्रयोग आपण अजून केलाच नाही, अशा थाटात जे बोलतात त्यांनी एकदा श्रीरामपूर तालुक्यात चक्कर मारून यावे. तो प्रयोग तिथे झाला, काही दशके चालला आणि त्याचा निकालही लागला.

पण तुकड्यांची तक्रार पोकळ नाही. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रात सरासरी वहितीधारण क्षेत्र, म्हणजे एका खातेदाराच्या वहिवाटीतली जमीन, ४.२८ हेक्टर होते, म्हणजे साडेदहा एकर. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले, जेमतेम सव्वातीन एकर. तेही सरासरीने. प्रत्यक्षात त्या सव्वातीन एकरांच्या सातबाऱ्यावर चार भाऊ, दोन बहिणी आणि एका चुलतभावाची विधवा अशी नावे असतात. विहीर सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, त्यात रात्रीची वीज. शेतात जायला वाट नाही, कारण पाणंद शेजाऱ्याने नांगरात घेतली आहे. अर्ध्या एकराच्या पट्टीत ट्रॅक्टरचा निम्मा वेळ वळण्यातच जातो, म्हणून ड्रायव्हर बोलावले तरी आज-उद्या करतो. आपल्याकडे तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. तो असताना तुकडे पडत राहिले आणि शेवटी २०२३ मध्ये सरकारने प्रमाणभूत क्षेत्रच, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ती मर्यादा, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असे खाली आणले. कायदा पाळला जात नाही म्हणून कायद्याचीच पट्टी आखूड केली, दुसरे काय?

याहून अवघड मुद्दा वेगळा आहे आणि तो मोठ्या शेतीचे समर्थकही सहसा मांडत नाहीत. लहान शेती एकरी जास्त पिकवते, हे आपल्या देशात १९५० च्या दशकातल्या फार्म मॅनेजमेंट पाहण्यांतून पुढे आले. अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्ये त्याची उकल केली: घरचे मनुष्यबळ बाजारभावाने मोजले जात नाही, म्हणून लहान शेतकरी आपल्या तुकड्यात मजुरी परवडणार नाही इतके श्रम ओततो. डाव्या मंडळींना हा सिद्धांत फार प्रिय. पण त्याचा सरळ अर्थ काय होतो? निंदणी करणारी बायको, शाळा बुडवून कापूस वेचणारी मुलगी आणि पहाटे धारा काढणारी सत्तरीची म्हातारी यांची रोजंदारी कुणी धरत नाही, म्हणून हिशेब जुळतो. कुटुंबाच्या शेतीचे गोडवे गाताना कुटुंबातल्या कुणाच्या कंबरेवर ती उभी आहे हे विसरता येत नाही. शेती करणाऱ्या मुलाला गावात मुलगी मिळत नाही, अशी ओरड आहे. मुलींनी आपल्या आईचे हात पाहिलेत, एवढेच त्याचे उत्तर. ज्यांना शेतीतून बाहेर पडायचे आहे त्यांना मान खाली न घालता पडता आले पाहिजे. त्यावर माझा वाद नाही. वाद आहे तो पुढच्या पायरीवर: म्हणून जमीन मोठ्या मालकाकडे जाऊ द्या.

आता तो प्रयोग. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, प्रवरा आणि गोदावरीचे कालवे आल्यावर, अहमदनगर जिल्ह्याच्या (आताचे अहिल्यानगर) उत्तर भागात साखर कंपन्या आल्या. हरेगावच्या बेलापूर कंपनीसाठी सरकारनेच नऊ गावांतली सात हजारांहून अधिक एकर जमीन घेऊन दिली. १९३२ मध्ये परदेशी साखरेवर जकात बसली आणि साखरधंद्याला संरक्षण मिळाले, तेव्हा टिळकनगर, वालचंदनगर, माळीनगर असे कारखाने आणि त्यांचे मळे उभे राहिले. कर्जात बुडालेल्या, कालव्याच्या पाण्यावर ऊस करायला भांडवल नसलेल्या शेतकऱ्यांकडून जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या गेल्या. आज कॉर्पोरेट शेतीचे पुरस्कर्ते जे जे मागतात ते ते या मळ्यांना मिळाले होते: सलग जमीन, हमखास पाणी, भांडवल, तज्ज्ञ, यंत्रे, स्वतःचा कारखाना आणि सरकारचा वरदहस्त.

१९६१ च्या सीलिंग कायद्याने या जमिनी सरकारकडे आल्या. तेव्हाही त्या मूळ मालकांना परत केल्या नाहीत, भूमिहीनांना वाटल्या नाहीत. मळ्यांचे तुकडे झाले तर कारखान्यांना ऊस कुठून मिळणार, ही भीती थेट कायद्यात उतरली. म्हणून १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले आणि सुमारे ८५ हजार एकर जमीन एकसंध ठेवून त्याच्याकडे सोपवली गेली. पुढचे सगळ्यांना माहीत आहे, किंवा असायला हवे. महामंडळ तोट्यात गेले, कामगारांची देणी थकली, ज्यांच्यासाठी मळे राखले ते खासगी कारखाने एकेक करून आजारी पडले आणि बारमाही पाण्याखालच्या जमिनीत वेड्या बाभळी माजल्या. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी जमीन खंडाने दिली होती ते खंडकरी पिढ्यानपिढ्या मोर्चे काढत राहिले. २०१२ मध्ये कुठे जमिनी परत मिळायला सुरुवात झाली.

आणि या सगळ्या काळात त्याच कालव्यांवर, त्याच मातीत, काही मैलांवर काय चालले होते? लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचे भागभांडवल गोळा करून सहकारी कारखाना काढला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. त्याचे सभासद कोण? एक-दोन-पाच एकर ऊस लावणारे. त्यांच्याकडे सलग मळा नव्हता, शेतीशास्त्रज्ञ पगारी नव्हता. पण नोंद कधी, तोड कधी, भाव किती, याच्यावर त्यांची सत्ता होती. निदान सुरुवातीची वीस-पंचवीस वर्षे तरी होती. पुढे महाराष्ट्र साखरेत देशाच्या पुढे गेला तो या लहान उसकऱ्यांच्या जोरावर. तुकडे झाले तर ऊस मिळणार नाही, म्हणून ज्या जमिनी राखल्या त्या ओसाड पडल्या आणि ऊस आला तो तुकड्यांतूनच. यापेक्षा स्वच्छ निकाल इतिहास क्वचितच देतो.

यावर लगेच उत्तर येते: महामंडळ सरकारी होते, सरकारी म्हटले की बुडणारच. निम्मे खरे आहे. पण मळ्यांची जी अडचण होती ती सरकारी-खासगीची नव्हती. कारखान्यात कामगार एका छपराखाली असतो, पट्ट्यावरून माल पुढे सरकतो, कोण चुकले ते दिसते. शेतात पंचवीस माणसे पंचवीस सऱ्यांत पांगलेली असतात. पाण्याची सरी फुटली, मावा पानाखाली धरला, खत बुडाला न पडता वरच पडले, हे त्या क्षणी ज्याला दिसते त्याला त्याची चाड असावी लागते. पगारी माणसाला ती का असावी? मग मजुरावर मुकादम, मुकादमावर सुपरवायझर आणि त्याच्यावर मॅनेजर असा डोलारा उभा राहतो आणि एकत्र केल्याने वाचलेला खर्च तिथे जातो. सोव्हिएत संघात सामूहिक शेतांवर ट्रॅक्टरची कमी नव्हती, तरी सुमारे तीन टक्के जमिनीवरची लोकांची खासगी परसदारे देशाच्या शेती उत्पादनाचा चौथा हिस्सा पिकवत होती. चीनने १९७८ नंतर सामूहिक शेते मोडून जमीन कसायला कुटुंबांकडे दिली आणि धान्याचे उत्पादन १९८४ पर्यंत साधारण ३० कोटी टनांवरून ४० कोटी टनांवर गेले. शेत लहान झाले, पीक वाढले.

मग अमेरिका? अमेरिकेचे नाव घेतल्याशिवाय हा वाद पुरा होत नाही. तिथे १९३५ मध्ये ६८ लाख शेते होती, २०२२ च्या गणनेत ती १९ लाख उरली, सरासरी ४६३ एकरांची. पण ही मोठी शेते चालवतात कोण? शंभरातली पंचाण्णवांहून अधिक आजही कुटुंबेच चालवतात. कंपन्या बियाण्यात आहेत, धान्याच्या कोठारांत आहेत, कत्तलखान्यांत आहेत. नांगराला त्यांनी मोठ्या हुशारीने हात लावलेला नाही, कारण जोखीम तिथे आहे. आणि मोठे होण्याचा सल्ला त्या शेतकऱ्यांना कुठे घेऊन गेला हेही पाहावे. १९७० च्या दशकात कृषिमंत्री अर्ल बट्झ यांचा मंत्र होता, मोठे व्हा नाहीतर बाहेर पडा. लोकांनी कर्जे काढून शेजारच्या जमिनी घेतल्या. १९८० च्या दशकात व्याजदर भडकले, निर्यात घसरली, जमिनीचे भाव कोसळले आणि लिलाव झाले ते प्रामुख्याने ज्यांनी सल्ला मानून कर्ज काढले त्यांचे. बाहेर पडलेल्यांना सामावून घ्यायला तिथे निदान अनेक दशके कारखाने वाढत होते. आपल्याकडे? २०२० च्या टाळेबंदीत चाकण-भोसरीची माणसे पायी गावाकडे निघाली तेव्हा त्यांना आत घेतले ते याच ‘न परवडणाऱ्या’ तीन एकरांनी. देशात शेतीवर राबणाऱ्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, तो २०१९-२० मध्ये ४५.६ टक्क्यांवर चढला. हा विमा कुठली कंपनी देणार आहे?

सीलिंगविरोधकांचा युक्तिवाद मात्र मी गंभीरपणे घेतो. अमर हबीब आणि त्यांचे किसानपुत्र आंदोलन विचारतात, उद्योगपतीने किती कारखाने काढावेत यावर मर्यादा नाही, डॉक्टरने किती रुग्णालये काढावीत यावर नाही, मग शेतकऱ्यानेच पायात बेडी का घालून घ्यावी? आणि घातली तर ती राज्यघटनेच्या नवव्या परिशिष्टात टाकून न्यायालयाचे दारही का बंद करावे? दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, ते परिशिष्ट १९५१ मध्ये आले तेव्हा तात्पुरते औषध म्हणून आले आणि पुढे त्यात काहीही कोंबले गेले. पण पहिल्या प्रश्नाला साधे गणित उत्तर देते. महाराष्ट्रात मर्यादा बारमाही बागायतीला १८ एकर आणि जिरायतीला ५४ एकर आहे. सरासरी शेतकरी सव्वातीन एकरांवर बसला आहे. पंचवीस एकरांच्या वर जमीन असलेले देशात शंभरात एकही भरत नाहीत. ज्या छताला कुणाचे डोकेच लागत नाही, ते काढल्याने कोण उंच होणार? छत काढून हवे आहे ते वेगळ्याला: शहराच्या वीस-तीस किलोमीटरवर जमीन धरून बसणाऱ्याला. तो तिथे गहू पेरणार नाही. फार तर आंब्याची चार कलमे लावून फार्महाऊसचे प्लॉट पाडेल.

जमिनीचे तुकडे सीलिंगने पाडले नाहीत, ते पाडले बिनकामाने. ज्या घरातल्या चारपैकी तिघांना पोट भरेल अशी नोकरी लागली तिथे चौथा भाऊ सगळी जमीन कसतो, वाटण्या कागदावरच राहतात. ज्या घरात चौघेही रिकामे, तिथे बांधावर कुदळी निघतात.

दरम्यान, ‘मोठी शेती’ येऊ नये म्हणून दारावर पहारा देणारे आपले भावनिक मित्र खिडकीकडे बघतच नाहीत. कोंबडीपालनाचे घ्या. शेतकरी कर्ज काढून पाच हजार पक्ष्यांचे शेड बांधतो. जागा, वीज, पाणी, भाताचे तूस आणि चोवीस तासांची राखण त्याची. कंपनीची गाडी एक दिवसाची पिल्ले, खाद्य आणि औषधे टाकून जाते. सहा-सात आठवड्यांनी दुसरी गाडी येऊन पक्षी उचलते आणि किलोमागे ठरलेली पालनाची मजुरी देते. मर जास्त झाली, खाद्याच्या मानाने वजन कमी भरले, की त्यातून कपात. पुढची बॅच कधी पडणार, ते कंपनी ठरवते. बाजार पडलेला असला तर शेड महिना-महिना रिकामे राहते आणि बँकेचा हप्ता मात्र रिकामा राहत नाही. एक खरे, भाव पडल्याचा फटका कंपनी घेते, आणि म्हणूनच पोरे करार करतात; त्यांना मूर्ख समजू नये. पण सातबारा त्याच्याच नावावर आहे, जमिनीचा एक गुंठाही गेलेला नाही, आणि तो आपल्या शेडवर मजूर झाला आहे. एकर मोजणाऱ्या दोन्ही बाजूंच्या नजरेतून हा माणूस सुटतो.

उलट बाजूचे उदाहरण नाशिकचे द्राक्ष. २०१० मध्ये युरोपने आपली द्राक्षे एका वाढसंजीवकाच्या अंशांवरून अडवली आणि बागायतदार अक्षरशः बुडाले. तेव्हा निर्यातीसाठी हजार एकरांच्या कंपनीच्या बागाच हव्यात असे कुणालाही वाटले असते. झाले वेगळेच. दोन-चार एकरांच्या बागांची प्लॉटवार नोंदणी, प्रत्येक प्लॉटच्या मालाची अंश-तपासणी, फवारणीच्या नोंदी हे सगळे घट्ट झाले. मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली शेतकऱ्यांची कंपनी याच काळातली. पॅकहाऊस मोठे, शीतगृह मोठे, करार मोठे; बाग मात्र ज्याची त्याची. मोठेपणा जिथे खरोखर कामाचा आहे तिथे तो आणता येतो आणि त्यासाठी बांध फोडावा लागत नाही. दुधात तर हे आपण केव्हाच केले आहे: कोल्हापूर जिल्ह्यातली दोन म्हशींची बाई मुंबईत दूध विकते, मधे तिचा संघ आहे म्हणून.

इथे माझ्या बाजूचे दुखणे लपवून चालणार नाही. ज्या सहकाराचे दाखले मी देतो आहे त्याची पुढे काय गत झाली? अध्यक्षपद घराण्यात, निवडणूक पैशांवर, कारखाना कर्जात, मग लिलाव आणि तोच कारखाना ओळखीच्या माणसाच्या खासगी कंपनीकडे मातीमोल भावाने. ऊसतोड मजुराचा तर त्या सभासदांच्या स्वर्गात कधी समावेशच नव्हता. नव्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचेही तेच: २०२० मध्ये केंद्राने दहा हजार कंपन्यांचे लक्ष्य ठेवले आणि गावोगाव फलक लागले, पैकी अनेकांचे अस्तित्व फलकापुरतेच आहे, अनुदान आले की मीटिंग होते. हे सगळे मान्य. पण यातून निघणारा निष्कर्ष कोणता? हिशेब मागायची सोय जिथे मोडली तिथे सहकार बुडाला. ज्या खासगी मालकाकडे हिशेब मागायची मुळात सोयच नाही, त्याच्याकडे जाणे हा त्यावर उपाय कसा?

आणि भावाचे काय? डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ पर्यंत उघडली नाही. लासलगावात त्या दिवशी हजार एकरवाल्याचा कांदा असता तर त्याचाही भाव तसाच पडला असता. फरक एवढाच की त्याचा माणूस दिल्लीत मंत्रालयाच्या दारात बसलेला असता. १९८० मध्ये शेतकरी नेते शरद जोशींनी चाकणला कांद्यासाठी आंदोलन केले, त्याची मागणी जमिनीची नव्हती, भावाची होती. चाळीस वर्षांनंतरही शेतीची चर्चा पुन्हा एकरांवर येऊन अडते, हे सरकारच्या फारच पथ्यावर पडते. तुकडा लहान म्हणून तू गरीब, असे म्हटले की निर्यातबंदीवर कुणी बोलत नाही.

शेते थोडी मोठी होणे मात्र गरजेचे आहे आणि ते आपोआप घडतेही आहे, फक्त चोरून. ज्याचे पोर पुण्याला लागले तो आपले दोन एकर शेजाऱ्याला बटईने देतो. कुठे अर्धेलीने, कुठे रोख खंडाने, विदर्भात मक्त्याने. हा व्यवहार तोंडी असतो, कारण १९४८ च्या कूळकायद्याची आणि १ एप्रिल १९५७ च्या, कसणाऱ्या कुळांना मालक ठरवणाऱ्या कृषकदिनाची धास्ती मालकाच्या मनातून गेलेली नाही: कागद केला तर उद्या कूळ लागेल, जमीन जाईल. कूळकायद्याने लाखोंना जमीन दिली, त्या काळी तो हवाच होता. आज त्याच्या सावलीत भरडला जातो तो कसणाराच. त्याला पीककर्ज मिळत नाही, पीकविम्याच्या वाटेत कागद आडवा येतो आणि गारपिटीची भरपाई जमा होते ती पुण्यात बसलेल्या मालकाच्या खात्यात. बटईने करणाऱ्यांत एकट्या बायका किती असतात, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात विचारावे. २०१६ मध्ये निती आयोगाने टी. हक समितीकडून जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा करून घेतला: मालकी अबाधित, पट्टा मुदतीचा, कर्ज आणि भरपाई कसणाऱ्याला. त्यात एक फट आहे, कंपन्याही पट्ट्याने जमीन घेऊ शकतील; ती गावातल्या शेतकऱ्यापुरती आणि सीलिंगच्या मर्यादेइतकी बुजवता येते.

हे एवढे आधी करावे. महाराष्ट्रात २०२१ पासून ई-पीक पाहणी चालू आहे, शेतकरी मोबाइलवरून आपल्या पिकाचा फोटो चढवतो. त्यात प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या नावाचा एक रकाना आणि या नोंदीने कुळाचा हक्क लागणार नाही अशी मालकाला कायद्याने हमी, एवढ्याने पहिल्याच हंगामात कळेल की आपल्या गावांत शेती खरोखर करते कोण. त्यासाठी ना सीलिंग उठवावे लागते, ना कंपनी आणावी लागते, ना कुणाला आईची शपथ घालावी लागते.